चांदण्यातलं नदीकाठचं शहर रंगवलं पण रात्र वाटत नाही? आधी उजेडाची वाटणी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पौर्णिमेची रात्र, समोर नदी, पलीकडच्या काठावर शहर, एका बाजूला पूल. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून ॲक्रिलिकमध्ये रंगवलं, आकाशाला प्रशियन ब्लू, पाण्याला पण तोच, चंद्र पांढरा, खिडक्या पिवळ्या, आणि एवढं करूनही चित्र रात्रीचं वाटत नाही, दिवसाच्या चित्राला निळी काच लावल्यासारखं दिसतं. मग विचारलंय की कोणता निळा घेऊ, काळा वापरायचा की नाही, चंद्राला ग्लो कसा आणू, पाण्यातलं प्रतिबिंब खोटं का दिसतं, आणि हे चित्र वाचवता येईल का.

निळ्याचं सांगते, पण जरा नंतर, कारण निळा बदलून हे सुटणार नाही. तुमच्या वर्णनात चंद्र पांढराशुभ्र, पाण्यातला चंद्राचा चमकता पट्टा पांढराशुभ्र, प्रत्येक खिडकी ट्यूबमधून थेट काढलेल्या पिवळ्याची, पुलावरचे दिवे पण तसेच, आणि वर इमारतींच्या भिंतीसुद्धा उजळ निळ्या. अंधार कुठे शिल्लकच नाही. रात्रीच्या चित्रात उजेड महिन्याच्या पगारासारखा वापरावा लागतो, पहिल्याच आठवड्यात उडवला तर पुढे काय करणार? म्हणून असं चित्र कुणी दाखवायला आणलं की मी रंगाबद्दल बोलायच्या आधी एकच विचारते, ही रात्र चंद्राची आहे का दिव्यांची? दोघांची सारखीच असली की चित्र फाटतं. एकाला मालक करायचं, दुसऱ्याला पाहुणा, मग बाकीचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्हाला कुठली वेळ हवीय हे मला माहीत नाही. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे तेव्हा आकाशात अजून संधिप्रकाश असतो, भिंतींचे रंग ओळखू येतात, दिवे नुकते लागलेले असतात आणि चंद्र पिवळट, क्षितिजाजवळ असतो. दोन-अडीच तासांनी तेच ठिकाण पूर्ण वेगळं असतं, चंद्र वर आणि पांढरा, आकाश गडद, भिंती नुसत्या काळ्या. ही दोन वेगळी चित्रं आहेत आणि मला दाट शंका आहे की तुमच्या कॅनव्हासवर दोन्ही एकत्र आलीयत. दुसरं म्हणजे माध्यम, ॲक्रिलिक, तैलरंग आणि जलरंग अंधाराशी वेगवेगळं वागतात, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि तिसरं, तुम्हाला खरीखुरी रात्र हवीय का सजावटी, पोस्टरसारखी? सजावटी हवी असेल तर पुढचं निम्मं सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता फोटोबद्दल. फोनचा नाइट मोड काय करतो, तर बऱ्याच वेळाचा उजेड गोळा करून एकत्र करतो, त्यामुळे जिथे डोळ्याला नुसता काळोख दिसत होता तिथे विटा, झाडांची पानं, पाण्याचा हिरवट रंग सगळं दिसायला लागतं. चंद्र मात्र इतका जास्त एक्स्पोज होतो की त्याचा पांढरा गोळा होतो. म्हणजे फोटोत अंधार खोटा आणि चंद्रही खोटा, आणि आपण तेच प्रामाणिकपणे उतरवतो. उन्हाचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या साधारण ४ लाख पट असतो. इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम बंद करतात आणि दुसऱ्या पेशी पुढे येतात, ज्यांना रंग कळत नाही, बारकावे नीट कळत नाहीत, पण निळ्या-हिरव्या बाजूचा उजेड जास्त जाणवतो आणि लाल जवळजवळ काळा दिसतो. याला पुर्किंये परिणाम म्हणतात, एकोणिसाव्या शतकात पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं होतं. गंमत म्हणजे चांदणं मोजलं तर उन्हापेक्षा किंचित पिवळटच निघतं, निळं ते आपल्याला दिसतं.

चित्रासाठी याचा अर्थ असा की चांदण्यात तीन गोष्टी एकदम कमी होतात: रंग, बारकावा आणि कडांचा धारदारपणा. तुम्ही फक्त रंग निळा केला, पण प्रत्येक खिडकीची चौकट, पुलाचा प्रत्येक कठडा धारदारच ठेवला असणार. डोळा लगेच म्हणतो, एवढं स्पष्ट दिसतंय म्हणजे उजेड भरपूर आहे, मग सगळं निळं का? तुमची ती निळी काच म्हणजे हेच. पलीकडच्या काठावरच्या इमारती एकमेकींत विरघळू द्या, कुठली भिंत कुठे संपते ते कळायलाच नको. छपरांची रेषा आकाशासमोर थोडी स्पष्ट, आणि तीसुद्धा चंद्राजवळच जास्त स्पष्ट, बाजूला जाताना मऊ.

आता छायाभेद, म्हणजे टोन. रंगाची मर्यादा ही की आपला सगळ्यात पांढरा रंग सगळ्यात काळ्या रंगापेक्षा फार तर तीसेक पट उजळ असतो, प्रत्यक्षात चंद्र आणि अंधारी भिंत यांच्यातला फरक त्याच्या कित्येक पट असतो. हा फरक कॅनव्हासवर मावणारच नाही, तो आकुंचित करावा लागतो आणि कुठे आकुंचित करायचा ते आपण ठरवतो, कॅमेरा नाही. मी शून्य काळा आणि दहा पांढरा अशी पट्टी धरते आणि चंद्राच्या रात्रीसाठी साधारण असं वाटते: चंद्र दहा, पण जागा अगदी थोडी. चंद्रालगतच्या ढगाची कड सात. चंद्राभोवतीचं आकाश पाच, तिथून लांब जाता जाता तीन. इमारती एक ते दोन. नदीचं पाणी दोन ते तीन, त्यावरचे चमकते तुकडे आठ, फक्त मोजक्या ठिकाणी. आणि खिडक्या, इथेच सगळे घसरतात, खिडक्या चार किंवा पाच. हो, पाच. गडद केशरी, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा ऑकर (मातकट पिवळा), पांढरा जवळजवळ नाहीच. एक-दोनच्या भिंतीत पाचची खिडकी भरपूर चमकते, करून बघा.

हे कॅनव्हासवर करायच्या आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार टोनमध्ये करा, काळा, गडद करडा, मध्यम करडा, पांढरा, बस. पांढरा शक्यतो कागदाच्या वीसाव्या भागाहून जास्त नको. या छोट्या चित्रात रात्र दिसली नाही तर मोठ्यात दिसणार नाही, कुठलाही निळा आणला तरी. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि ते तो गाळतात, आणि मग तीन आठवडे मोठ्या कॅनव्हासवर तेच भांडण चालू राहतं.

मालक-पाहुणा हे बघायचं असेल तर दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. एक योहान क्रिस्टियान डाल या नॉर्वेजियन चित्रकाराचं, चांदण्यातलं ड्रेस्डेन हे जर्मन शहर, १८३९ सालचं. एल्बे नदी, पूल, चर्चचा मोठा घुमट, म्हणजे विषय जवळजवळ तुमचाच. तिथे रात्र चंद्राची आहे, आकाश आणि पाणी मिळून चित्राचा मोठा भाग व्यापतात, शहर त्यांच्यामध्ये गडद पट्टा म्हणून उभं आहे आणि माणसांनी लावलेला उजेड अगदी बारीक, उबदार ठिपक्यांत. दुसरं व्हॅन गॉगचं, ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र, सप्टेंबर १८८८, आर्ल गावात केलेलं. त्यात चंद्र नाहीच. मालक आहेत काठावरचे गॅसचे दिवे, आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं खाली आपल्यापर्यंत येतात. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलंय की गॅसचा उजेड पिवळा आणि प्रतिबिंबं तांबूस सोनेरीपासून हिरवट ब्राँझपर्यंत उतरत जाणारी. म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब दिव्याच्याच रंगाचं वरपासून खालपर्यंत सारखं रंगवायचं नसतं, ते खाली येताना पाण्याचा रंग घेतं. ही एवढी एक गोष्ट केलीत तरी तुमची प्रतिबिंबं निम्मी सुधारतील.

ॲटकिन्सन ग्रिमशॉ बघाच, इंग्लंडमधल्या लीड्सचा चित्रकार, १८३६ ते १८९३. त्याचं १८८० सालचं टेम्स नदीवरचं वेस्टमिन्स्टरचं चित्र आहे, चंद्र आणि रस्त्यावरचे दिवे दोन्ही घेतलेत पण चंद्र थोडा झाकलेला आणि आकाश हिरवट राखाडी, त्यामुळे दोन्ही उजेड एकमेकांच्या पायात येत नाहीत. मला व्यक्तिशः ग्रिमशॉ थोडा गोड वाटतो, पण शिकायला उत्तम.

आता चंद्र चित्रात असेल तर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चंद्र शहराच्या मागे आहे, म्हणजे आपल्या बाजूच्या भिंतींवर चांदणं पडूच शकत नाही! त्या सगळ्या सावलीत आहेत. उजेड मिळतो तो छपरांच्या वरच्या कडांना, घुमटाच्या खांद्याला, पुलाच्या कठड्याच्या वरच्या पट्टीला. तुम्ही भिंती उजळ निळ्या केल्यात, तसा उजेड यायला चंद्र तुमच्या पाठीमागे हवा. तसंही चित्र करता येतं, शहर चांदण्यात न्हालेलं आणि चंद्र चौकटीबाहेर, सुंदर होतं, पण मग पाण्यात चंद्राचा पट्टा नाही मिळणार. दोन्हींतलं एक निवडा.

यातूनच पाण्याचं एक कोडं सुटतं. इमारती चंद्रासमोर आहेत म्हणून त्यांची सावली आपल्या बाजूला पाण्यावर पडते. चंद्र २० अंश वर असेल आणि इमारत २० मीटर उंच असेल तर सावली साधारण ५५ मीटर लांब पडते, म्हणजे अरुंद नदी असेल तर बरंचसं पात्र सावलीत. त्यामुळे चमकणारा पट्टा थेट समोरच्या काठापासून सुरू होत नाही, आधी काठाला लागून एक काळी पट्टी असते, मग चमक. जिथे इमारती ठेंगण्या आहेत किंवा मध्ये मोकळी जागा आहे तिथून चांदणं पाण्यावर लवकर उतरतं. ही काळी पट्टी घातली की शहर जमिनीवर बसतं, नाहीतर ते पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं.

पट्ट्याबद्दल अजून. तो नेहमी चंद्राच्या बरोबर खाली उभा येतो, सरळ तुमच्याकडे, नदी तिरकी वाहत असली तरी. बरेच जण त्याला रस्त्यासारखं पर्स्पेक्टिव्हमध्ये लांब निमुळता करत नेतात, तसं करायचं नाही. त्याची रुंदी दोन गोष्टींवर ठरते, पाणी किती हलतंय आणि चंद्र किती वर आहे. चंद्र खाली असताना पट्टा लांब आणि चिंचोळा, वर चढला की आखूड आणि पसरट होतो आणि आपल्या जवळ सरकतो. पाणी अगदी स्थिर असेल तर पट्टा नाहीच, चंद्राचं एकच गोल प्रतिबिंब, आणि ते क्षितिजाच्या तितकंच खाली जितका चंद्र वर आहे. म्हणजे चंद्र आकाशात खूप वर दाखवला आणि पाण्याला कॅनव्हासवर थोडीशीच जागा असली तर स्थिर पाण्यातलं प्रतिबिंब चौकटीच्या बाहेरच जाणार. कंपोझिशन ठरवतानाच हे पट्टीने मोजून घ्या.

रंगवताना पट्टा सलग ओढू नका. तो तुकड्यांचा बनलेला असतो, लांबवर बारीक, आडवे, दाट तुकडे, आणि जवळ येताना मोठे, विरळ, मध्ये काळं पाणी दिसणारे. मी आधी पूर्ण पाणी गडद करते, त्यावर पट्ट्याच्या जागी मध्यम करडा कोरड्या ब्रशने आडवा फिरवते, तो कॅनव्हासच्या उंचवट्यांवरच लागतो, सुकला की वर मोजकेच जाड उजळ तुकडे. मध्यम करडा न घालता थेट पांढऱ्या रेघा मारल्या की त्या खडूने मारल्यासारख्या दिसतात. तुमच्या वर्णनावरून असंच वाटतंय.

दिव्यांची प्रतिबिंबं वेगळी वागतात. प्रत्येक दिव्याचा स्वतःचा उभा खांब पडतो, दिव्याच्या बरोबर खाली, आणि दिवा काठापासून मागे असेल तर त्याच्या प्रतिबिंबाचा वरचा भाग काठच झाकतो, म्हणून शहराच्या आतले दिवे पाण्यात दिसत नाहीत, फक्त काठावरचे दिसतात. चाळीस खिडक्यांचे चाळीस खांब काढलेत तर पाण्याची झालर होईल. पाच-सहा ठेवा, लांबी वेगवेगळी, आणि चंद्राचा पट्टा जवळ आला की तिथले सोडून द्या. सर्वसाधारण नियम असाही की उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं गडद आणि गडद वस्तूचं थोडं उजळ, त्यामुळे पाणी कधीच आकाशाइतकं उजळ नको आणि इमारतींची पाण्यातली छाया इमारतींइतकी काळी नको. जवळच्या पाण्यात आपण जास्त खाली बघत असतो, तिथे परावर्तन कमी होतं आणि पाणी अजून गडद होतं. चित्राचा तळ गडद ठेवायला हे निमित्त चांगलं आहे.

आणि पूल. पुलाच्या प्रतिबिंबात आपल्याला पुलाची खालची बाजू जास्त दिसते, कारण प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर बघितल्यासारखं दृश्य. नुसता पूल उलटा करून चिकटवला की म्हणूनच खटकतं. जेम्स व्हिस्लर या चित्रकाराचं लंडनमधल्या जुन्या बॅटरसी पुलाचं चित्र (१८७२ ते १८७५ च्या सुमाराचं) बघा, त्याने पूल मुद्दाम आहे त्यापेक्षा बराच उंच केलाय, एक मोठा गडद खांब आणि वर आडवी पट्टी एवढंच, मागे शहराचे दिवे म्हणजे सोनेरी ठिपके. पुलाचं वर्णन कमी आणि वजन जास्त. तुमच्याही चित्रात पूल सगळ्यात गडद आणि सगळ्यात जवळ असेल तर चंद्राचं आकाश त्याच्या तुलनेत आपोआप उजळेल.

चंद्राच्या ग्लोबद्दल. ग्लो चंद्रात नसतो, भोवतालच्या आकाशात असतो. चंद्र कितीही पांढरा केला तरी लगतचं आकाश गडद निळं असेल तर तो कापून चिकटवलेल्या कागदासारखाच दिसणार. चंद्रापासून बाहेर जाताना उजेड हळूहळू कमी व्हायला हवा आणि सोबत रंगही बदलायला हवा, चंद्राजवळ किंचित उबदार राखाडी, मग हिरवट राखाडी, मग निळा, मग गडद निळा-जांभळा. ॲक्रिलिकमध्ये हे ओल्यात ओलं मिसळून करणं त्रासाचं, फार लवकर सुकतं, म्हणून एकतर रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव्य) वापरा नाहीतर ग्लेझचे, म्हणजे खालचं दिसेल अशा पारदर्शक रंगाचे, पातळ पातळ थर द्या. पातळ ढग चंद्रावरून जाऊ दिला तर काम सोपं होतं, कारण मग उजेडाला बसायला जागा मिळते. चंद्रही शुद्ध पांढरा नको, पांढऱ्यात कणभर पिवळा, आणि कड एका बाजूला मऊ.

आकार: चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश मोठा असतो. ६० सेंटीमीटर रुंद कॅनव्हासवर तुम्ही ६० अंशांचं दृश्य घेतलं असेल तर चंद्र अर्ध्या सेंटीमीटरहून छोटा येतो. हे वाचून सगळ्यांना धक्का बसतो. क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो तो भास आहे, मोजला तर तेवढाच. मी साधारण दुप्पट करते, तेवढं डोळा चालवून घेतो, पण चारपट-पाचपट केलात की शहर खेळण्यातलं दिसायला लागतं. आणि पौर्णिमेचा चंद्र कायम सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याच्या मागे सूर्यास्ताचे लाल-केशरी ढग घालू नका. कोर घेतलीत तर तिची उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडे हवी.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर मालक ठरवा, छोट्या कागदावर टोन वाटा, आपल्या बाजूच्या भिंती काळ्या ठेवा, काठाखाली सावलीची पट्टी, तुटक चमक, खिडक्या दबलेल्या. मग रंग.

कोणता निळा? प्रशियन ब्लू वाईट नाही, पण तो फार जोरकस आहे आणि हिरव्याकडे झुकतो, पांढरा मिसळला की लगेच थंड, झगझगीत होतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो. म्हणून एकट्या निळ्यावर सगळं सोपवू नका, व्हॅन गॉगनेही त्या चित्रात प्रशियन, अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट असे तीन निळे वापरलेत. माझा नेहमीचा आधार म्हणजे अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), प्रमाण बदललं की कधी थंड काळा, कधी उबदार काळा मिळतो, आणि शेजारी शेजारी ठेवले की अंधारातसुद्धा हालचाल राहते. आकाशासाठी त्यात थोडा प्रशियन. शुद्ध निळा जवळजवळ कुठेच नाही, सगळा राखाडीत मारलेला. तरी निळा दिसतो, कारण शेजारी केशरी खिडकी असते. काळ्याबद्दल लोक उगाच घाबरतात, आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की छान निळसर राखाडी होतो, पिवळ्यात मिसळला की हिरवट. फक्त सगळा अंधार एकाच काळ्याने भरू नका. आणि निळा अनिवार्य आहे असंही नाही, सतराव्या शतकातला डच चित्रकार आर्ट व्हॅन डर नेर आयुष्यभर चांदण्यातल्या नद्या रंगवत होता आणि त्याच्या बऱ्याच रात्री तपकिरी आणि रुपेरी राखाडी आहेत, तरी त्या पक्क्या रात्री आहेत, कारण टोन बरोबर आहेत.

माध्यमाचं थोडक्यात. ॲक्रिलिक ओलं असताना दुधाळ असतं आणि सुकल्यावर गडद होतं, रात्रीच्या चित्रात हे जास्त जाणवतं कारण सगळी गंमत गडद टोनमधल्या छोट्या फरकांत आहे. त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा एक फटकारा वेगळ्या कागदावर सुकवून बघा आणि मगच मोठ्यावर लावा. जलरंग उलटं, सुकल्यावर फिके होतात, म्हणून पहिला वॉश नको तितका गडद वाटला पाहिजे, आणि दिवे-चंद्र कागद कोरा राखून किंवा मास्किंग फ्लुइडने (कागद झाकून ठेवणारं, नंतर सोलून काढायचं द्रव्य). तैलरंगात गडद भाग सुकले की मलूल, राखाडी पडतात, चित्र संपलं असं वाटायच्या आधीच बिघडलं असं वाटतं, पण ते बहुतेक वेळा वार्निशने परत येतं, त्यामुळे घाईने त्यावर अजून काळा चढवू नका. आणि गडद पारदर्शक छटेसाठी जुन्या पद्धतीचं डांबरी तपकिरी कुणी सुचवलं तर हात जोडा. अर्खिप कुइंजी या चित्रकाराने १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या उजेडात मांडलं होतं, तर लोक कॅनव्हासच्या मागे दिवा लपवलाय का बघायचे म्हणे. तेच चित्र पुढे काळवंडत गेलं, त्याचा दोष डांबराच्या वापराला दिला जातो.

शक्य असेल तर फोटो सोडून एकदा स्वतः जाऊन बघा, निदान अर्धा तास, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मध्ये एकदा फोन बघितला की सगळं पहिल्यापासून. तिथे रंगवायचा हट्ट नको, अंधारात पॅलेटवर निळा आणि हिरवा वेगळे कळत नाहीत. त्यापेक्षा पेन्सिलने चार रेघा आणि शब्दांत नोंदी: सगळ्यात काळं काय, आकाश पाण्यापेक्षा किती उजळ, कुठल्या कडा गायब. व्हिस्लर असंच करायचा, दृश्याकडे नीट बघून पाठ फिरवायचा, सोबतच्याला तोंडी वर्णन करून सांगायचा आणि चूक निघाली की परत बघायचा, मग दुसऱ्या दिवशी स्टुडिओत रंगवायचा. आठवणीत राहतं तेवढंच चित्रात येतं आणि रात्रीच्या चित्राला तेवढंच लागतं, म्हणून मला ही पद्धत फोटोपेक्षा भरवशाची वाटते.

शेवटचा प्रश्न, हे चित्र वाचेल का. ॲक्रिलिक आहे म्हणजे वाचायला हरकत नाही. आधी त्याचा फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा आणि डोळे बारीक करून बघा, किती गोष्टी सारख्याच पांढऱ्या दिसतायत ते कळेल. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचं ग्लेझिंग मीडियममध्ये पातळ मिश्रण करून चंद्र आणि त्याभोवतीचं आकाश सोडून सगळ्या चित्रावर एक थर द्या, खिडक्यांवरून पण, पट्ट्यावरून पण. सुकू द्या. इमारतींवर दुसरा, पुलावर तिसरा. या टप्प्यावर चित्र मेलं असं वाटेल, तसंच वाटायला हवं. मग चंद्राभोवतीचा उतार नीट करा, पाण्यावर मोजके तुकडे परत उजळा आणि चाळीसपैकी सात-आठ खिडक्याच जाग्या करा, त्यातही एखादीच जरा तेज. काम करताना दिवा कॅनव्हासवर थेट झगझगीत मारू नका, तशा उजेडात बरोबर वाटलेलं चित्र साध्या खोलीत नेलं की काळं ठिक्कर दिसतं, म्हणून अधूनमधून ते जिथे लावणार आहात तिथे नेऊन ठेवून बघा. तीन थरांनंतरही भिंतींतल्या खिडक्यांच्या चौकटी धारदार दिसत राहिल्या तर मात्र ग्लेझने झाकत बसू नका, तेवढा शहराचा पट्टा अपारदर्शक गडद रंगाने सपाट भरून टाका आणि छपरांची रेषा नव्याने काढा. आणि त्या छोट्या टोन-चित्राचा फोटो इथे टाकलात तर मी बघून सांगेन.